यिर्मया 29:11 : वचनाच्या आधीचे पत्र

31 डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटची उपासना संपली की अनेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत नव्या वर्षाच्या वचनाचे कार्ड हाती पडते. त्यावर हमखास येणाऱ्या वचनांपैकी एक म्हणजे बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले 29:11. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, पुढे आशा आहे. नोकरी, व्हिसा, ऑपरेशन, मुलीचे लग्न, सगळ्याला ते लावले जाते. मुळात ते एका पत्रातले वाक्य आहे आणि ते पत्र वाचून निदान एक माणूस तरी भयंकर चिडला होता.

इ.स.पू. 597 च्या मार्चमध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. यहूदाचा अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, कारागीर आणि लोहार बाबेलला नेले गेले. 2 राजे 24:14 मध्ये आकडा दहा हजारांचा आहे, यिर्मया 52:28 मध्ये 3,023. लोहारच नेले की मागे राहिलेल्यांना शस्त्रे घडवता येत नाहीत, हा साधा हिशेब. बाबेलात सापडलेल्या शिध्याच्या मातीच्या पाट्यांवर या राजाचे नाव आहे. त्यातल्या एका नोंदीत त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला तेल दिले आहे, म्हणजे प्रत्येकी अर्धा लिटर किंवा थोडे कमी. राजा जिवंत होता, त्याचा शिधा चालू होता. मग ‘आज ना उद्या परत जाऊच’ असे लोकांना वाटले तर नवल नाही.

नेमके हेच सांगणारा संदेष्टाही होता. यहोयाखीनानंतर यरुशलेमात राजा झालेल्या सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, हनन्याने मंदिरात सर्वांसमोर यिर्मयाने बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून मानेवर घेतलेले लाकडी जोखड मोडले आणि दोन वर्षांत सगळे परत येईल असे जाहीर केले. सातव्या महिन्यात तो मेला. पण दोन वर्षांचा आकडा लोकांना हवाच होता.

बाबेलला नेलेल्या या लोकांना यिर्मयाने लिहिलेले पत्र शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या यांनी नेले. ते सिद्कीयाचेच दूत होते, त्यामुळे पत्र सरकारी टपालातून गेले म्हणायला हरकत नाही. पत्रात धीर देण्याआधी कामे आहेत. घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि फळे खा. लग्ने करा, मुलांची लग्ने लावून द्या. ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. यातली बागेची ओळ बारकाईने पाहण्यासारखी आहे. बाबेलचे मुख्य फळझाड खजुराचे. त्याचा फुटवा लावला तरी फळ धरायला चार-पाच वर्षे जातात. जो दोन वर्षांत निघणार तो खजूर कशाला लावेल?

मग दहाव्या वचनात परतीआधीची सत्तर वर्षे येतात आणि त्यानंतरच अकरावे. कार्डावर दहावे छापत नाहीत, हीच खरी अडचण. सत्तर वर्षे कुठून मोजायची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नबुखद्नेस्सर राजा झाला त्या इ.स.पू. 605 पासून बाबेल पडले त्या 539 पर्यंत 66 होतात. मंदिर पडल्यापासून 516 मध्ये नवे पूर्ण होईपर्यंत साधारण 70. कसेही मोजा, पत्र ऐकणारा तिशीतला माणूस स्वतः परतणार नव्हता. आशा एकट्याला नव्हे, साऱ्या लोकांना होती; म्हणूनच हिब्रूतला ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे, हे विसरून चालत नाही. आशेसाठीचा ‘तिकवा’ हा शब्द यहोशवाच्या पुस्तकात यरीहोतल्या राहाबेच्या खिडकीतल्या किरमिजी दोरीसाठीही येतो.

उत्तर आलेच. बाबेलला नेलेल्यांपैकीच शमाया नेहलामीने यरुशलेमच्या याजकाला लिहिले, की हा घरे बांधायला सांगणारा माणूस खोड्यात का अडकवला नाही? लोकांनी मात्र बागा लावल्या असाव्यात. अल्-याहुदू म्हणजे ‘यहूदाचे गाव’ अशा नावाच्या, बाबेलच्या मुलखातल्या वस्तीतल्या, इ.स.पू. 572 पासूनच्या पाट्यांवर जमीन, जव आणि खजुराचे व्यवहार आहेत.

त्याआधी इकडे यरुशलेमला दुसरा वेढा पडला होता आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तेव्हा चुलतभाऊ हनामेल यिर्मयाच्या मूळ गावचे, अनाथोथचे शेत विकायला आला. गाव बाबेलच्या ताब्यात जाणार हे सांगणाराच यिर्मया, तरी त्याने ते घेतले. किंमत 17 शेकेल चांदी, आजच्या मापात सुमारे 195 ग्रॅम. ती तराजूत तोलली, साक्षीदारांनी सह्या केल्या आणि खरेदीखताच्या दोन प्रती झाल्या: एक मोहोरबंद, वाद झालाच तर फोडायची, दुसरी उघडी, रोज पाहायची. आपला लेखनिक बारूख याला सांगून दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवल्या, कारण कातडे किंवा पपायरस ओलीत कुजतो. (32:14 मध्ये ‘पुष्कळ दिवस टिकावे म्हणून’ असे कारणही दिले आहे.)

ते शेत यिर्मयाला कसता आले नाही. शहर पडल्यावर उरलेल्या लोकांनी त्याला आपल्याबरोबर मिसरात नेले. परतलेल्यांची यादी एज्रा 2 मध्ये आहे, तिच्यात 23 व्या वचनात अनाथोथचे 128 पुरुष मोजले आहेत.