चक बदलल्यावर टेलस्टॉकला हात लावण्याआधी

लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा चक बदलला, पहिले दोन जॉब मापात आले नाहीत, की संशय सरळ टेलस्टॉकवर, म्हणजे जॉबचे दुसरे टोक धरणाऱ्या भागावर जातो. कोणीतरी ॲलन की घेतो, टेलस्टॉक सरकवतो आणि मग आम्हा मशीन दुरुस्तीवाल्यांना फोन येतो. तोवर मूळ दोष कुठे होता ते कळायची सोय राहिलेली नसते. गोव्यातल्या कुंडई, वेर्णा, डिचोली भागातल्या आमच्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवाल्या ग्राहकांसाठी म्हणूनच हा कागद. मशीनच्या दारावर चिकटवा, ऑपरेटरला वाचायला सांगा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर बंद असतात. तेवढ्या दिवसांत त्यांच्या पंपाचे शाफ्ट, पिना, बुश अशी कामे एकदम येतात आणि चक घाईत बदलले जातात. अशाच एका पावसाळ्यात एका ग्राहकाकडे गेलो. सर्व्हिसिंग केलेला चक परत बसवला होता आणि प्रत्येक शाफ्ट वेगळ्या मापाचा निघत होता. फिटरने टेलस्टॉक तीनदा हलवलेला. आम्ही चकच्या तोंडावर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे गेज) लावला, काटा ०.०८ मिमी फिरला. चक उतरवून स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) फेसवरून नख फिरवले तेव्हा एका जागी अडकले. केसाएवढी चिप होती, तेलाने चिकटून बसलेली. ती काढली, चक परत चढवला, काटा ०.०१ वर आला. त्यानंतर अर्धा दिवस गेला तो हलवलेला टेलस्टॉक जागेवर आणण्यात.

एवढीशी चिप एवढे का बिघडवते? ए२-५, ए२-६, ए२-८ या प्रमाणित मापांच्या स्पिंडल नोजवर (स्पिंडलच्या पुढच्या तोंडावर) चक आखूड टेपरवर (निमुळत्या भागावर) आणि सपाट फेसवर, दोन्हीवर एकाच वेळी टेकतो. एका बाजूला काही अडकले की चक तिरका बसतो. मग चक जॉबला एकीकडे ओढतो, टेलस्टॉकमधला टोकदार सेंटर दुसरीकडे धरून ठेवतो आणि जॉब वाकलेल्या अवस्थेत फिरतो.

म्हणून चक बदलताना सगळ्यात जास्त वेळ पुसण्यावर घालवा. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे मागे राहतात. धुतलेला सुती कपडा घ्या. बर (धातूचा बारीक उंचवटा) लागली तर ऑइल स्टोन हलक्या हाताने फिरवा, फाइल कधीच नको. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत उघडा फेस एका रात्रीत तांबूस होतो. काढून ठेवलेल्या चकला आणि नोजला गंजरोधक तेल लावा, चवथीच्या सुट्टीआधी तर नक्कीच. बसवताना मात्र ते तेल पूर्ण पुसून घ्या.

आठ इंची चक वीस किलोच्या वर भरतो. आयबोल्ट लावून होइस्टनेच उचला, खाली हात ठेवू नका. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. नंतर चकच्या बाहेरच्या व्यासावर आणि तोंडावर डायल फिरवा, दोन्हीकडे ०.०२ मिमीच्या आत हवे. ड्रॉ ट्यूबचा (चकचे जॉ उघडबंद करणाऱ्या नळीचा) स्ट्रोक, हायड्रॉलिक प्रेशर, प्रोग्राममधली कमाल आरपीएम आणि झेड ऑफसेट (लांबीच्या दिशेची शून्य जागा) नव्या चकप्रमाणे बदला. आरपीएमची मर्यादा विसरणे जिवावर बेतू शकते. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) असतील तर रिंग धरून, कामाच्याच प्रेशरवर पुन्हा बोअर करा.

आता जॉबवर येणारा टेपर, म्हणजे दोन टोकांच्या व्यासातला फरक. आधी हे बघा की तो प्रत्येक जॉबला सारखाच येतो का. दरवेळी वेगळा येत असेल तर घाण, सैल जॉ किंवा लाइव्ह (जॉबसोबत फिरणाऱ्या) सेंटरचे बेअरिंग तपासा. मधे जाड आणि दोन्ही टोकांना बारीक असेल तर बारीक शाफ्ट टूलच्या दाबाने वाकतो आहे. तिथे टेलस्टॉकचा दोष नाही.

सारखाच येत असेल तर ५० मिमी जाडीचा बार १५० मिमी बाहेर काढून, टेलस्टॉक न लावता, बारीक कट घ्या. इथेही टेपर आला तर प्रश्न हेडस्टॉकचा (स्पिंडल धरणाऱ्या भागाचा) आहे. तिथे थांबा, आम्हाला बोलवा.

हा बार सरळ आला तरच टेलस्टॉक. बार सेंटरवर धरून दोन टोकांना दोन कॉलर (अरुंद पट्टे) टर्न करा. समजा कॉलर २५० मिमी अंतरावर आहेत आणि सेंटरकडचा ०.०४ मिमी जाड आला. फरकाचा निम्मा, म्हणजे ०.०२. जॉपासून सेंटरपर्यंत ३०० मिमी असेल तर ०.०२ गुणिले ३०० भागिले २५०, म्हणजे ०.०२४ मिमी. तेवढा टेलस्टॉक टूलच्या दिशेने सरकवायचा. सेंटरकडे बारीक असेल तर उलट. क्विलला (टेलस्टॉकमधून पुढेमागे होणाऱ्या, सेंटर धरणाऱ्या नळीला) डायल लावूनच सरकवा आणि बोल्ट आवळल्यावर काटा पुन्हा वाचा, आवळताना तो हमखास हलतो. क्विल जेवढी कामाला लागते तेवढीच बाहेर काढा, प्रेशरही बेताचे ठेवा.

प्रोग्राममध्ये उलटा टेपर घालून भागवणारे बरेच आहेत. एका लांबीच्या जॉबची ऑर्डर अडली असेल तर समजू शकतो, पण लांबी बदलली की तो हिशेब चुकतो.

फोन करताना चकच्या दोन्ही डायलचे आकडे, बिनसेंटरच्या बारचा टेपर आणि दोन कॉलरची मापे हाताशी ठेवा. टेलस्टॉक हलवला असेल तर तेही सांगा, किती आणि कुठे ते.