बूटलूपमागचा इतिहास: अँड्रॉइड फोनमधील फेरफार आणि बदलत गेलेली दुरुस्ती

कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेली अँड्रॉइड प्रणाली) टाकल्यावर फोन कंपनीच्या बोधचिन्हावरच अडकून बसला, म्हणजे बूटलूपमध्ये गेला, किंवा रूट केल्यावर (प्रणालीवरचे सर्वाधिकार मिळवल्यावर) एखादी सोय बंद पडली, तर सुचवले जाणारे उपाय बहुधा ठरलेले असतात. कॅशे (तात्पुरता साठा) पुसा, जुनी आवृत्ती परत टाका, मूळ बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) फ्लॅश करा, म्हणजे थेट साठवणुकीत लिहा, बूटलोडर (फोन चालू होताच प्रथम धावणारा प्रोग्राम) पुन्हा लॉक करा. यांतला प्रत्येक उपाय एके काळी अगदी बरोबर होता आणि पुढे वेगळ्या पिढीच्या फोनवर तोच निरुपयोगी, काही वेळा घातकही ठरला. अँड्रॉइडची अंतर्गत रचना २००८ पासून अनेकदा बदलली आणि प्रत्येक बदलाबरोबर बिघाडाची जागा सरकत गेली, उपाय मात्र सांगोवांगी तसेच पुढे चालत राहिले. म्हणून फेरफारानंतर अडलेल्या फोनची दुरुस्ती समजून घ्यायची असेल, तर तो फोन कोणत्या पिढीचा आहे हे आधी पाहावे लागते.

सुरुवात पहिल्याच अँड्रॉइड फोनपासून होते. एचटीसीने बनवलेला आणि टी-मोबाइलने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेला जी१ बाजारात येऊन काही आठवडे होतात न होतात, तोच त्यातील एक विलक्षण चूक उघडकीस आली. कीबोर्डवर टाइप केलेले प्रत्येक अक्षर पडद्यावरील अ‍ॅपला तर मिळतच होते, पण त्याच वेळी पडद्याआड सर्वाधिकाराने चालणाऱ्या एका शेललाही (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामलाही) पोहोचत होते. एखाद्याने संदेशात 'रीबूट' ही आज्ञा टाइप करून एंटर दाबले, तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. याच वाटेने टेलनेट ही दुसऱ्या यंत्रावरून आज्ञा देण्याची सेवा चालू करून लोकांनी रूट अधिकार मिळवले. गूगलने आरसी३० या अद्ययावत आवृत्तीत ही फट बुजवली. तरी ती घेतलेल्यांनाही मार्ग उरला होता, कारण आरसी२९ ही जुनी आवृत्ती मेमरी कार्डवर ठेवून बूटलोडरमधून परत चढवता येत होती. फाइलवर कंपनीची सही असे आणि बूटलोडर तेवढीच तपासत असे. आवृत्ती जुनी आहे की नवी, हे तो पाहत नव्हता. जुन्या आवृत्तीवर परतणे हा फेरफाराचा पहिला दरवाजा होता आणि बिघाडावरचा पहिला उताराही. पुढे सुमारे दहा वर्षांनी याच उपायाने फोन कायमचे बंद पडणार होते.

मूळ रिकव्हरी (दुरुस्ती व अपडेटसाठीची वेगळी छोटी प्रणाली) फक्त कंपनीची सही असलेली पॅकेजेस स्वीकारत असल्याने ती बदलून दुसरी बसवणे ही यानंतरची स्वाभाविक पायरी होती. सगळ्या पार्टिशनची (साठवणुकीच्या कप्प्यांची) प्रत एकदम काढून ठेवणारा नँड्रॉइड बॅकअप याच काळातला. कौशिक दत्ता यांची क्लॉकवर्कमॉड रिकव्हरी आणि २०११ पासून पुढे आलेली टीडब्ल्यूआरपी ही तशीच रिकव्हरी यांनी ही सोय सामान्य वापरकर्त्याच्या हाती दिली आणि त्याबरोबर एक शिस्तही रुजली: आधी बॅकअप, मग पुसणे, मग फ्लॅश. स्टीव्ह कोंडिक यांच्या सायनोजेनमॉडसारखी रॉम टाकताना 'डाल्विक कॅशे पुसा' असे बजावले जाई, त्याला सबळ कारण होते. अ‍ॅपचा कोड फोनवर आधीच तयार करून साठवलेला असे आणि नव्या रॉमच्या मूळ लायब्ररींशी तो जुळला नाही, तर फोन सुरू होता होता कोसळे. अँड्रॉइड ५.० मध्ये हा कोड चालवणाऱ्या डाल्विक या यंत्रणेची जागा एआरटी या नव्या यंत्रणेने घेतली, नंतरच्या अनेक फोनांत कॅशेचे वेगळे पार्टिशनही उरले नाही. तरीही हा सल्ला आजतागायत दिला जातो. त्याने नुकसान होत नाही, एवढीच त्याची जमेची बाजू.

जानेवारी २०१० मध्ये आलेल्या नेक्सस वनने बूटलोडर अनलॉक करण्याची अधिकृत आज्ञा दिली आणि पडद्यावर वॉरंटी रद्द होण्याचा इशाराही दाखवला. नंतरच्या नेक्सस फोनांत अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जाऊ लागला. पुष्कळांना हा जाच वाटतो, पण चोराच्या हाती गेलेल्या फोनमधील माहिती त्याला सहज वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. सगळ्या कंपन्यांनी मात्र असा उघड मार्ग दिला नाही. तेथे सुरक्षेतील त्रुटींवर स्वार होणारी 'एका टिचकीत रूट' करणारी साधने आली. त्यांचा धोका मार्च २०११ मध्ये ड्रॉइडड्रीम या घातक सॉफ्टवेअरने दाखवून दिला. अँड्रॉइड मार्केटमधील पन्नासहून अधिक अ‍ॅपमधून पसरलेले हे सॉफ्टवेअर रूट मिळवण्यासाठी त्याच त्रुटी वापरत होते, ज्या हौशी लोक स्वतःच्या फोनवर वापरत.

या पहिल्या कालखंडातील सर्वांत बोधप्रद बिघाड २०१२ मधला आहे. गॅलेक्सी नोट आणि गॅलेक्सी एस२ मालिकेतील काही फोनांत अँड्रॉइड ४.० वर आधारित कर्नल (प्रणालीचा गाभा) असताना कोणी रिकव्हरीतून डेटा पुसला, की फोन कायमचा निकामी होई. तोवरचा अनुभव असा की सॅमसंगचा फोन कितीही बिघडला, तरी डाउनलोड मोडमध्ये नेऊन ओडिन या संगणकीय साधनाने मूळ सॉफ्टवेअर भरले की पूर्ववत होतो. येथे ओडिनही मध्येच थांबे, कारण साठवणुकीच्या चिपचा काही भाग प्रतिसाद देणेच बंद करत असे. कारण अखेर चिपच्या आत सापडले. विशिष्ट ईएमएमसी (साठवणुकीच्या) चिपच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता, तो पुसण्याच्या एका आज्ञेमुळे जागा होई आणि अँड्रॉइड ४.० च्या रिकव्हरीने फॉरमॅट करताना नेमकी तीच आज्ञा वापरण्यास आरंभ केला होता. कर्नलने ही आज्ञा चिपपर्यंत जाऊ न देणे हा प्रतिबंधक उपाय ठरला. ज्यांचा फोन आधीच गेला होता, त्यांतल्या बहुतेकांना मदरबोर्ड बदलण्यावाचून पर्याय नव्हता. 'बिघडले तर पुसा' हा तोवरचा पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी उपाय. येथे मरण त्यातच होते, आणि चूक वापरकर्त्याची नव्हती.

भारतातील अनुभव काहीसा वेगळ्या वाटेने गेला. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांचे बहुसंख्य स्वस्त फोन मीडियाटेकच्या चिपवर चालत आणि त्यांच्यासाठी एसपी फ्लॅश टूल हे साधन दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास वापरले जाई. आपल्याकडे ज्याला 'सॉफ्टवेअर मारणे' म्हणतात, ते काम बहुतांशी याच साधनाने होत असे. त्यात 'फक्त डाउनलोड' आणि 'सगळे फॉरमॅट करून डाउनलोड' असे पर्याय शेजारी शेजारी असतात. दुसरा निवडला, तर फोनचा आयएमईआय हा ओळख क्रमांक, रेडिओच्या जुळणीची माहिती आणि वायफायचा पत्ता साठवणारा एनव्हीरॅमचा भागही पुसला जातो. मग फोन उत्तम सुरू होतो, पण नेटवर्क मिळत नाही आणि वायफायच्या यादीत नेटवर्कच्या नावाऐवजी एनव्हीरॅमचा इशारा झळकतो. वैध आयएमईआय नसलेल्या फोनांची सेवा भारतात २००९ च्या नोव्हेंबरअखेर बंद करण्यात आली होती आणि आयएमईआयमध्ये जाणीवपूर्वक फेरफार करणे २०१७ च्या नियमांनी दंडनीय ठरले. त्यामुळे हा बिघाड केवळ तांत्रिक राहत नाही. सॅमसंगच्या फोनांत हेच महत्त्व ईएफएस पार्टिशनला आहे. फ्लॅश करण्याआधी या लहानशा भागाची प्रत काढून ठेवणे, हा त्या काळातील बहुधा एकमेव सल्ला असा आहे की जो आजही जसाच्या तसा लागू पडतो.

फ्लॅशिंग हा केवळ हौशी लोकांचा उद्योग आहे ही समजूत डिसेंबर २०१४ नंतर काही काळ तरी डळमळली. सायनोजेनमॉडमधून निघालेल्या सायनोजेन कंपनीच्या सॉफ्टवेअरसह वनप्लस वन भारतात दाखल झाला, तेव्हा त्या सॉफ्टवेअरचे भारतातील हक्क मायक्रोमॅक्सकडे असल्यावरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. वनप्लसने स्वतःचे ऑक्सिजन ओएस एप्रिल २०१५ मध्ये दिले, तेही प्रथम हाताने फ्लॅश करायच्या फाइलच्या रूपात. म्हणजे एका न्यायालयीन वादाच्या ओघात सामान्य ग्राहकासमोर रिकव्हरीची निळी-काळी पाटी आली. सायनोजेनने आपल्या सेवा २०१६ च्या अखेरीस बंद केल्या आणि तिचा मुक्त भाग लिनिएज ओएस या नावाने पुढे चालू राहिला.

दरम्यान अँड्रॉइडच्या आतमध्ये मोठी उलथापालथ झाली होती. सिस्टीम पार्टिशनमध्ये बदल झाला आहे का, हे वाचता वाचताच तपासणारी डीएम-व्हेरिटी अँड्रॉइड ४.४ पासून उपलब्ध झाली. अँड्रॉइड ५.० ने अपडेट फाइलनिहाय न देता ब्लॉकनिहाय देण्यास सुरुवात केली, त्यामुळे सिस्टीममध्ये एखादी फाइल जरी वाढवली असेल, तरी अपडेट नाकारले जाऊ लागले. अँड्रॉइड ७.० पासून पडताळणी कडक झाली आणि नव्या फोनांत, बूटलोडर लॉक असेल तर, बिघडलेली सिस्टीम सुरूच होईना. रूट करण्याची जुनी पद्धत सिस्टीममध्ये 'एसयू' ही फाइल ठेवण्याची होती. ती येथे संपली. चेनफायर या नावाने प्रसिद्ध असलेल्या विकसकाने २०१५ मध्ये सिस्टीमला हात न लावता रूट मिळवण्याचा मार्ग काढला आणि २०१६ मध्ये जॉन वू यांच्या मॅजिस्कने तो पुढे नेला. मॅजिस्क फक्त बूट इमेजमध्ये बदल करते आणि बाकी सगळे चालू असतानाच वरून आच्छादते.

आजच्या बहुतेक बूटलूपची उकल याच एका गोष्टीत आहे. बदल बूट इमेजपुरता असल्याने फास्टबूटमधून (संगणकाला जोडून बूटलोडरला आज्ञा देण्याच्या अवस्थेतून) मूळ बूट इमेज परत टाकली की फोन सहसा सुरू होतो. डेटा पुसण्याची गरज पडत नाही. मात्र ती इमेज फोनवर त्या क्षणी असलेल्या नेमक्या आवृत्तीचीच हवी. मागच्या महिन्याच्या आवृत्तीची टाकली, तर कर्नल आणि त्याचे मॉड्यूल (वेगळे जोडलेले भाग) यांचा मेळ बसत नाही आणि फोन सुरू झाला, तरी वायफाय किंवा स्पर्शपडदा चालत नाही. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या फोनांत यात आणखी भर पडली, कारण तेथे बदल करायची फाइल बूट नसून इनिट-बूट असते. दोष मॅजिस्कच्या एखाद्या मॉड्यूलचा (जोड-सोयीचा) असेल, तर फोन सेफ मोडमध्ये एकदा सुरू केला की सगळी मॉड्यूल बंद होतात. हा सोपा मार्ग सोडून सगळा फोन फॉरमॅट करणारे अजूनही पुष्कळ आहेत.

ऑक्टोबर २०१६ च्या पिक्सेल फोनांनी ए/बी रचना आणली. सिस्टीमच्या दोन प्रती, एक चालू, दुसरी अपडेटसाठी राखीव. एक काही प्रयत्नांत सुरू झाली नाही, तर बूटलोडर दुसरीकडे वळतो. सामान्य वापरकर्त्यासाठी हे वरदान असले, तरी फ्लॅश करणाऱ्याला आता नवाच प्रश्न पडू लागला, की आपण इमेज नेमकी कोणत्या कप्प्यात टाकली. अँड्रॉइड १० ने सिस्टीम, व्हेंडर (हार्डवेअरसाठीचे सॉफ्टवेअर) वगैरे पार्टिशन 'सुपर' नावाच्या एकाच मोठ्या भागात सामावून घेतली. त्यामुळे सिस्टीम फ्लॅश करण्याची जुनी आज्ञा बूटलोडरच्या फास्टबूटमध्ये चालत नाही, ती फास्टबूट-डी या वेगळ्या अवस्थेत द्यावी लागते. शिवाय डेटाचे एन्क्रिप्शन सार्वत्रिक झाल्याने रिकव्हरीतून डेटाची प्रत काढणे बेभरवशाचे झाले आणि नँड्रॉइड बॅकअपवर विसंबण्याचे दिवस सरले.

आता पुन्हा जुन्या आवृत्तीच्या प्रश्नाकडे यावे लागते. शाओमीने २०१६ च्या सुरुवातीपासून बूटलोडर लॉक करून परवानगीची व प्रतीक्षेची अट घातली होतीच. जुलै २०१८ मध्ये भारतात लोकप्रिय असलेल्या रेडमी नोट ५ प्रोच्या मीयूआय १० या शाओमीच्या प्रणालीच्या बीटा (चाचणी) आवृत्तीत मागे जाण्यास प्रतिबंध करणारी तजवीज आली. एकदा नवी आवृत्ती चढली की फोनमध्ये एक वाढीव क्रमांक कायमचा नोंदला जातो आणि त्याहून कमी क्रमांकाचे बूटलोडर मग चालत नाहीत. अनेकांनी सवयीने स्थिर आवृत्ती परत टाकली आणि फोन काळा पडला. क्वालकॉमच्या चिपमध्ये याही पलीकडे ईडीएल ही आपत्कालीन अवस्था असते, पण त्यात सॉफ्टवेअर भरण्यासाठी शाओमीने अधिकृत खात्याची अट ठेवली होती. म्हणजे घरच्या घरी होणारी दुरुस्ती सेवा केंद्राच्या दारात गेली. सुरक्षेच्या दृष्टीने या तजविजीत चूक काढता येत नाही, कारण जी१ च्या वेळी जुनी सदोष आवृत्ती परत टाकूनच फट उघडली गेली होती. पूर्वसूचना पुरेशी ठळक नव्हती, ही तक्रार मात्र योग्य आहे.

बूटलोडर पुन्हा लॉक करण्याचेही तसेच. मूळ सॉफ्टवेअर पूर्णपणे परत टाकल्याशिवाय लॉक केले, तर पडताळणी फसते आणि सिस्टीम नष्ट झाल्याचा संदेश दाखवून फोन तेथेच थांबतो. लॉक असल्याने फ्लॅशही करता येत नाही.

गेल्या काही वर्षांत तर फोन बंद न पडताही बिघडलेला ठरू लागला आहे. ऑक्टोबर २०१६ पासून फोनमध्ये फेरफार झाला आहे का हे पाहणारी गूगलची सेफ्टीनेट तपासणी अनलॉक केलेल्या बूटलोडरलाही नापास करू लागली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी भारतात यूपीआय लोकांच्या हाती आले. पैशांचे व्यवहार फोनवर येत गेले, तशी बँकांची अनेक अ‍ॅप रूट केलेल्या फोनवर उघडेनाशी झाली. सेफ्टीनेटची जागा आता प्ले इंटिग्रिटीने घेतली आहे आणि तिचा कडक स्तर चिपच्या सुरक्षित भागातून आलेल्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. तपासणी चुकवण्याचे मार्ग निघतात आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत बंद होतात. टिकाऊ उपाय एकच, मूळ सॉफ्टवेअर व लॉक केलेला बूटलोडर. सॅमसंगच्या फोनांत तोही अपुरा पडतो, कारण २०१३ मध्ये आलेल्या नॉक्स व्यवस्थेत अनधिकृत सॉफ्टवेअर चढताच चिपमधील एक फ्यूज जळतो, आणि मूळ सॉफ्टवेअर परत आले तरी फाइल वेगळ्या कुलपात ठेवणाऱ्या सिक्योर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर पुन्हा चालू होत नाहीत.