फाईल करायला बसताय? आधी पानाचं माप टाका

नमस्कार मंडळी. पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, हँडबिल, फ्लेक्स यांच्या फाईली आता बरेच जण घरीच करून आणतात आणि आम्हाला ते मनापासून आवडतं, कारण आपल्या घरच्या कार्याचं डिझाईन कसं हवं ते घरच्यांइतकं कुणालाच कळत नाही. पण दर लग्नसराईत आमच्या प्रेसच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो, फाईल तर रेडी आहे मग आजच्या आज का नाही छापून मिळणार? फाईल रेडी असते हो, पण ती चुकीच्या पानावर केलेली असते, आणि आमचा निम्मा दिवस तिथेच जातो.

होतं काय, कोरल (कोरलड्रॉ, डिझाईन करायचं सॉफ्टवेअर) उघडलं की जे पान समोर येतं त्यावरच लोक काम सुरू करतात. ते पान बहुतेक वेळा ए-फोर नाहीतर लेटर असतं, पत्रिका हवी असते ६ बाय ९ इंच, आणि मनात असं की शेवटी प्रेसवाले लहान करून घेतीलच. आता बघा, ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. ते ६ इंच रुंदीत बसवलं की उंची होते साडेआठ इंच, म्हणजे वर-खाली मिळून अर्धा इंच कोरा कागद राहतो. तो भरायला उंचीने मोठं केलं तर दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार मिलिमीटर डिझाईन कापलं जातं, आणि नेमकी तिथेच तुमची वेलबुट्टीची बॉर्डर असते. शिवाय १२ पॉइंटची अक्षरं ९ च्या आसपास येतात, मग मुहूर्ताची वेळ आजीला वाचता येत नाही. मागच्या वैशाखात एका ताईंची मुंजीची पत्रिका अशीच आली होती, तीन रात्री जागून केलेली, इतकी सुंदर की आम्हालाच वाईट वाटलं, आणि तरी सगळी बॉर्डर नव्याने मांडावी लागली. नुसतं उभं ताणून द्या असंही काही जण म्हणतात, ते आम्ही करत नाही, बटूचा चेहरा लांबुडका झालेला कुठल्या आईला आवडेल?

म्हणून न्यू डॉक्युमेंट केलं की पहिल्या विंडोतच रुंदी-उंची टाका, आणि त्याआधी युनिट बघा, म्हणजे माप इंचात आहे की मिलिमीटरमध्ये ते. हे युनिट फार फसवतं. इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा पॉइंट (इंचाचा बहात्तरावा भाग) लावलेला असतो, तिथे तुम्ही २१० आणि २९७ टाइप केलं तर ए-फोर मिळत नाही, ७४ बाय १०५ मिलिमीटर मिळतं, म्हणजे ए-सेव्हन, खिशातल्या डायरीएवढं. स्क्रीनवर झूम करून बघताना दोन्ही सारखंच दिसतं कारण प्रमाण तेच असतं, त्यामुळे प्रिंट काढेपर्यंत कळतच नाही. कोरलमध्ये ही विंडो येतच नसेल तर कधीतरी कुणीतरी 'पुन्हा दाखवू नका'वर टिक केलेली असणार, ऑप्शन्समध्ये जाऊन ती परत चालू करा.

माप टाकलं की लगेच ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर डिझाईनचा जादा भाग, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर. कटिंग मशीनमध्ये गठ्ठा एकदम कापला जातो आणि कागद थोडासा सरकतोच, कितीही चांगलं मशीन असलं तरी. रंग बरोबर कडेपर्यंतच ओढलेला असेल तर पांढरी रेघ दिसते, ब्लीडपर्यंत नेलेला असेल तर दिसत नाही, एवढंच. आणि अक्षरं कडेपासून निदान ४-५ मिलिमीटर आत ठेवा. फोटोशॉपमध्ये ब्लीडचा वेगळा रकाना नाही, तिथे माप स्वतःच वाढवून घ्यायचं, ८९ बाय ५१ मिलिमीटरच्या कार्डाला ९५ बाय ५७. कॅनव्हात प्रिंट ब्लीड दाखवायची सोय आहे, पीडीएफ प्रिंट डाउनलोड करताना क्रॉप मार्क (कुठे कापायचं त्या खुणा) आणि ब्लीडवर टिक करायला विसरू नका.

फोटोशॉपवाल्यांनी रिझोल्यूशनही सुरुवातीलाच ठरवायचं. हातात धरून वाचायचं असेल तर इंचाला ३०० पिक्सेल. ७२ वर केलेलं ए-फोर ५९५ बाय ८४२ पिक्सेलचं होतं आणि ३०० वर २४८० बाय ३५०८ चं, नंतर आकडा वाढवला तरी जे पिक्सेल नव्हतेच ते कुठून येणार. फ्लेक्सला मात्र उलट, १० बाय ८ फुटाला ३०० टाकलं तर रुंदी ३६,००० पिक्सेल होते आणि पीएसडी (फोटोशॉपची फाईल) ३०,००० च्या पुढे सेव्हच होत नाही, तिथे ७२ पुरतं कारण फ्लेक्स लांबून बघतात.

कलर मोड सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचा. आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, केलेला झगझगीत पोपटी आणि निळा कागदावर तसा उतरत नाही, मग शाई खराब वापरली असं वाटतं.

आता पैशांचं. माप बदलून द्यायचे वेगळे पैसे का, असं बरेच जण विचारतात. नुसतं एक बटण दाबायचं काम असतं तर घेतले नसते. पान बदललं की ओळी तुटतात, नावं खालच्या ओळीत जातात, फॉन्ट कर्व्ह केलेला (अक्षरांचं आकृतीत रूपांतर केलेला) असेल तर अक्षरं एकेक करून सरकवावी लागतात, आणि एवढं करून पुन्हा प्रूफ (तपासायची नमुना प्रत) काढून तुमची सही घेतल्याशिवाय आम्ही मशीनला लावत नाही, कारण ५०० पत्रिका चुकीच्या छापून झाल्यावर कुणाचंच समाधान होत नाही. तुम्ही मापात फाईल आणली तर हा चार्ज लागत नाही, आणि काम बहुतेक त्याच दिवशी लायनीत लागतं.

आमच्याकडे पत्रिका, कार्ड, लेटरहेड, हँडबिल यांची कोरी पानं तयार आहेत, माप, ब्लीड, कलर मोड सगळं लावलेलं, कोरल आणि इलस्ट्रेटर दोन्हीत. फुकट आहेत, काउंटरवर पेनड्राइव्ह द्या नाहीतर फोन करून मागवा, काम आमच्याकडेच द्यायला हवं अशी अट नाही. डिझाईन सुरू करण्याआधी कागद बघायला आलात तर अजून चांगलं, कारण पाकीट कुठलं घेताय त्यावर पत्रिकेचं माप ठरतं आणि पाकिटं आमच्याकडे मोजक्या मापांचीच येतात. ज्यांना हे सगळं करायला वेळ नाही त्यांनी मजकूर कागदावर लिहून दिला तरी आम्ही बसवून देऊ.

फाईल पाठवताना एक मूळ फाईल, एक पीडीएफ, आणि फाईलच्या नावातच माप लिहा, 'मुंज ६ बाय ९' असं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.