लकव्यातील मेंदूचित्रण

लकवा झालेल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढून किती भाग मेला, किती अजून वाचण्याजोगा आहे आणि पुढच्या दिवसांत नुकसान कुठवर जाईल, याचा अंदाज घेण्याची पद्धत. ही नोंद मुख्यतः रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या लकव्याविषयी आहे. विदर्भाच्या खेड्यांत ‘लकवा मारला’ म्हणतात तेव्हा त्यात गुठळीचा आणि मेंदूत रक्तस्राव होऊन आलेला, असे दोन्ही प्रकार येतात. तोंड वाकडे, हात लुळा, बोबडी वळलेली. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्रावात दिले तर जीव जाऊ शकतो. म्हणून स्कॅनचे पहिले काम रक्तस्राव नाही ना, हे पाहणे.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा लकवा पहिल्या क्रमांकावर निघाला. साधारण सातांत एक मृत्यू त्याचा होता आणि यातली बहुतेक माणसे घरीच वारली.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात. १० च्या आसपास आले की मरू लागतात. या दोन आकड्यांमधला भाग बंद पडलेला, पण जिवंत असतो. पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहण असते ना, चंद्र काळवंडतो पण झाकला जात नाही, तसा. चित्रणाची सगळी धडपड या छायेतल्या भागासाठी आहे. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधला अंदाज आहे. पण हा सरासरीचा हिशेब. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्त पुरवले तर एखाद्याचा मेंदू दहा तासही तग धरतो, दुसऱ्याचा दोन तासांत संपतो.

साधा सीटी काही मिनिटांत होतो, म्हणून आधी तोच. त्याची खोड अशी की गुठळीच्या लकव्यात पहिल्या काही तासांत तो जवळपास निर्दोष दिसू शकतो. ‘सीटी नॉर्मल आला’ ऐकून नातेवाईक रुग्णाला परत नेतात, ही मोठी चूक. त्या वेळी नॉर्मल सीटीचा अर्थ रक्तस्राव नाही आणि उपचाराला अजून वाव आहे, एवढाच. सुरुवातीच्या खुणा पुसट असतात: करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा विरते, एखादी वाहिनी जास्त पांढरी दिसते. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमकी ही विरलेली सीमाच आधी हरवते. या खुणा मोजायला २००० मध्ये ‘अॅस्पेक्ट्स’ हा १० गुणांचा तक्ता आला. मेंदूच्या मधल्या धमनीच्या क्षेत्राचे दहा भाग पाडायचे आणि बिघडलेल्या प्रत्येकाचा एक गुण वजा करायचा. गुण ६ च्या खाली असले की रक्तवाहिनीत बारीक नळी घालून गुठळी ओढून काढण्यात अर्थ नाही, असे पूर्वी मानत. २०२२ नंतरच्या चाचण्यांनी ते मत बदलायला लावले.

इंजेक्शनची मुदत साडेचार तास, आणि ती रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घर पहाटे रिकामे होते. ‘बुढा रात्री जेवून झोपला तवा चांगला होता’ यापलीकडे कुणाला सांगता येत नाही, आणि घड्याळ रात्रीच सुरू झालेले असते. इथे एमआरआय कामी येतो. त्यातल्या ‘डिफ्यूजन’ नावाच्या चित्रात इजा लवकर उजळते, ‘फ्लेअर’ नावाच्या चित्रात उशिरा. पहिल्यात दिसते आणि दुसऱ्यात नाही, तर लकवा बहुधा साडेचार तासांच्या आतला. परफ्युजन स्कॅन, म्हणजे कुठे किती रक्त पोचते ते दाखवणारा स्कॅन, मेलेला गाभा आणि छायेतला भाग वेगळे दाखवतो. त्याच्या आधारे निवडलेल्या रुग्णांत २४ तासांपर्यंत गुठळी काढून फायदा होतो, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. माझ्या मते दूरच्या तालुक्यांना या शोधाचा उपयोग शहरांपेक्षा जास्त आहे. अडचण यंत्राच्या अंतराची. धारणी किंवा भामरागडचा रुग्ण तिथवर पोचेतो गाभा वाढलेला असतो.

पुढचा अंदाज सुजेचा. ती दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते. सुरुवातीच्या तासांत डिफ्यूजन चित्रातली इजा १४५ मिलिलिटरच्या वर, म्हणजे कपभर चहाएवढी असेल, तर जीवघेणी सूज येण्याची भीती मोठी. अशा वेळी सुजेला जागा मिळावी म्हणून साठीच्या आतल्या रुग्णाच्या कवटीचा तुकडा ४८ तासांत काढला तर जगण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून शुद्ध हरपू लागली की सीटी पुन्हा काढून मेंदूची मधली रेषा सुजेने एका बाजूला सरकली का, ते बघतात.

उशिरा आलेल्यांसाठी एक चकवा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सीटीवर इजा धूसर होऊन मेंदू जवळजवळ ठीक भासतो. मालिश, झाडपाला करून पंधरा दिवसांनी आलेल्याचा पहिलाच सीटी असा निघाला तर लकव्याचा आकार त्यावरून ठरवता येत नाही. एमआरआय काढावा लागतो.