इस्टिमेटचा कागद

ऑपरेशनसाठी लोकांकडून पैसे उभे करायचे म्हटलं की आता मोबाइलवर आलेली लिंक डोळ्यांसमोर येते. मुंबईत मात्र हे काम कित्येक वर्षं एका प्लास्टिकच्या फाइलवर चाललंय, अजूनही चालतं. फाइलमध्ये रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रिपोर्ट आणि सगळ्यांत वर हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं ‘इस्टिमेट’: खर्चाचा आकडा, खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का. त्याच्या पंधरा-वीस झेरॉक्स काढायच्या आणि एकेका ट्रस्टचे उंबरे झिजवायचे. कुणी पाच हजार देतं, कुणी दहा. चेक नातेवाइकाच्या हातात पडला तरी त्यावर नाव हॉस्पिटलचं. गावाकडे वर्गणी निघते. आणि पेपरच्या आतल्या पानावर ‘मदतीचे आवाहन’ असतंच.

तसं पाहिलं तर मुंबईतली सार्वजनिक रुग्णालयंही देणग्यांच्या आधारानेच उभी राहिली. जे. जे. १८४५चं, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेलं, केईएम १९२६चं. तिथे खाट स्वस्त, पण नंबर लागायला वेळ, आणि ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात आली की खर्च पुन्हा घरच्यांवरच.

कायद्याने काही दिलं नाही असं नाही. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६पासून राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिवाय बिलांच्या रकमेतले २ टक्के गरीब रुग्णांच्या निधीत टाकायचे. म्हणजे जे ट्रस्टच्या दारात मागावं लागत होतं, त्यातलं काही हक्काचं झालं. पण तो हक्क मागायलाही तीच फाइल लागते, आणि असा काही हक्क आहे हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

मग २०१२ साल आलं. त्या वर्षीच्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवर कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ठरलेल्या ९७१ प्रक्रियांसाठी. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. यादीत बसणाऱ्यांचा मोठा भार तिने उचलला. जे यादीत किंवा दीड लाखात बसत नव्हते, ते लिंककडे वळले. अशा लिंकवरून देणग्या गोळा करणारं ‘केटो’ मुंबईत सुरू झालं तेही २०१२मध्येच. बंगळुरूचं ‘मिलाप’ २०१०चं, पण ते सुरुवातीला लहान कर्जांसाठी होतं. दवाखान्याची बिलं तिथे नंतर आली.

२०१२मध्येच अमेरिकेत ‘वॉट्सी’ नावाची संस्था उभी राहिली. तिचा संस्थापक चेस ॲडम कोस्टा रिकात स्वयंसेवक होता. तिथे बसमध्ये एक बाई मुलाच्या आजारपणाचे कागद दाखवत पैसे मागत होती. फाइल तिकडेही होतीच! वॉट्सीने मोठी बिलं घेतलीच नाहीत. साधारण दीड हजार डॉलरच्या आत बसणारी ऑपरेशनं निवडली, पाच डॉलरपासून देणगी घेतली, देणगीचा प्रत्येक डॉलर उपचारावर लावला, कार्यालयाचा खर्च वेगळा उभा केला आणि हिशेबाचा तक्ता सगळ्यांसाठी खुला ठेवला. मला यातलं खुल्या तक्त्याचं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे गणित उलट फिरलं. २०१६मध्ये यूपीआय आलं, शंभर रुपये पाठवणं चुटकीसरशी झालं आणि आकडे वाढत गेले. लिंक चालवणाऱ्या काही कंपन्यांनी कमिशन काढून टाकून त्याजागी ‘टिप’ मागायला सुरुवात केली. इस्टिमेटच्या कागदाशेजारी आता फोटो आणि व्हिडिओ आले. तान्ह्या बाळाचा फोटो जितका पुढे पाठवला जातो, तितका डायलिसिसवरच्या साठीच्या माणसाचा जात नाही. २०२१च्या सुरुवातीला मुंबईतल्या, वर्षाचीही न झालेल्या एका मुलीच्या एसएमए या दुर्मिळ जनुकीय आजारावरील इंजेक्शनसाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकांनी जमवले. औषध अमेरिकेतून यायचं होतं. त्यावरचा सुमारे ६ कोटींचा कर केंद्राने माफ केला.

त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राचं दुर्मिळ आजारांचं धोरण जाहीर झालं. अतिमहाग उपचार लागणाऱ्या आजारांसाठी सरकार स्वतःच एक पोर्टल चालवेल आणि तिथे लोकांनी, कंपन्यांनी ऐच्छिक देणगी द्यावी, असं त्यात आहे. २०२२मध्ये सरकारी मदतीची मर्यादा ५० लाख झाली. १६ कोटींच्या इस्टिमेटमधून ते वजा केले, तर साडेपंधरा कोटी उरतात.