उभं करून बीपी मोजा, डॉक्टर!

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना चढउतार नवा नाही. त्यात जुलैचा पाऊस आणि अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ. आजी घसरल्या की आपण फरशीला दोष देतो. पण पाय घसरल्यावर तोल का सावरता आला नाही, हे शोधायचं काम फॅमिली डॉक्टरांचं आहे, आणि तेही हाड मोडण्याआधी.

पासष्टीपुढच्या साधारण तिघांपैकी एक जण दरवर्षी पडतो. दवाखान्यात मात्र हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर घरचे एकटं बाहेर पडू देणार नाहीत, ही धास्ती असते. म्हणून डॉक्टरांनीच विचारावं: वर्षभरात पडलात का? चालताना तोल जातो का? पडायची भीती वाटते का?

मग बीपी. ते बहुतेक ठिकाणी बसवूनच मोजतात, आणि नेमकं तिथेच निसटतं. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आवळतात, ठोके वाढतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. उतारवयात ही यंत्रणा मंदावते. जुन्या मधुमेहात तिच्या नसाच दुबळ्या होतात. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहाटे लघवीला घाईने उठणारे आजोबा मोरीच्या दारात पडतात ते अनेकदा यामुळेच. पाच मिनिटं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर कारण शोधायलाच हवं.

कारण बऱ्याचदा औषधांच्या पिशवीत सापडतं. बीपीची गोळी एका डॉक्टरची, प्रोस्टेटची दुसऱ्याची, झोपेची तिसऱ्याची. तिन्ही एकत्र बघणारा माणूस म्हणजे फॅमिली डॉक्टर. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत, पण पिशवी मात्र सगळीच्या सगळी न्यावी.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून परत बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पाय आणि तोल दोन्ही तपासायला हवेत. मोतीबिंदू, बधिर तळवे, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता हेही बघावं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ही कमतरता बऱ्यापैकी आढळते.

आणि व्यायाम लिहून द्यावा, अगदी गोळीसारखा. तोल आणि ताकद वाढवणाऱ्या नियमित व्यायामानं पडण्याचं प्रमाण जवळपास पाव हिश्शानं घटतं. सुरुवातीला ओट्याचा कठडा धरून टाचा उचलायच्या, शेजारी कुणीतरी उभं ठेवून.