पायथॉनमध्ये 'ब' बदलला की 'अ' का बदलतो?

व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायचा डबा, असं जवळपास प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेपुरतं हे चूक आहे. इथे वस्तू मेमरीत एका जागी असते आणि नाव ही तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी असते. एकाच वस्तूवर कितीही चिठ्ठ्या लागू शकतात.

अ = [१, २, ३] आणि पुढे ब = अ लिहिलं, तर यादीची नक्कल होत नाही. ब.अपेंड(४) केलं, म्हणजे शेवटी ४ जोडला, की अ छापल्यावरही [१, २, ३, ४] दिसतं. आयडी हे वस्तूचा ओळख-क्रमांक देणारं फंक्शन; आयडी(अ) आणि आयडी(ब) छापून बघा, आकडा एकच येईल. वेगळी प्रत हवी तर ब = अ.कॉपी(). यादीच्या आत याद्या असतील तर तेही पुरत नाही, आतल्या याद्यांचीही नक्कल करणारी डीपकॉपी लागते.

खरी मजा पुढे आहे. ब = ब + [५] केलं तर नवी यादी तयार होते आणि अ आहे तसाच राहतो. ब += [५] केलं तर जुनीच यादी वाढते, म्हणजे अ सुद्धा! आकड्यांच्या बाबतीत हा फरक दिसत नाही, कारण पूर्णांक जागच्या जागी बदलताच येत नाही.

ग्लोबल, म्हणजे फंक्शनबाहेरच्या, व्हेरिएबलचा घोळही याच्याच शेजारचा. फंक्शनबाहेर मोजणी = ० आहे. फंक्शनमध्ये आधी प्रिंट(मोजणी), खाली मोजणी += १. एरर येते ती प्रिंटच्या ओळीवर: अनबाउंडलोकलएरर. फंक्शन चालण्याआधीच ते अख्खं कंपाइल होतं आणि त्यात कुठेही नावाला = किंवा += दिसलं, की ते नाव फंक्शनभर लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरतंच, ठरतं. मग बाहेर शोधायची सूचना बाइटकोडमध्ये (कंपाइल होऊन बनलेल्या सूचनांमध्ये) जातच नाही, आणि प्रिंटच्या वेळी लोकल नावाला किंमत मिळालेली नसते. सुरुवातीला 'ग्लोबल मोजणी' लिहिलं की काम होतं. ग्लोबल यादीवर अपेंड करायला मात्र हे लागत नाही, कारण तिथे नाव हलत नाही, वस्तू बदलते.

'सर्व्हर रीस्टार्ट केला की बरा होतो' ही समजूतही कधीकधी इथूनच येते. डेफ जोडा(नाव, यादी=[]) या फंक्शनच्या व्याख्येतली, यादी दिली नाही तर वापरायची रिकामी यादी डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, प्रत्येक कॉलला नाही. त्यामुळे एका ग्राहकाची नावं दुसऱ्याच्या यादीत दिसू लागतात. रीस्टार्टनंतर डेफ पुन्हा चालतं, यादी कोरी होते आणि दोष तसाच राहतो. तिथे यादी=नन (नन म्हणजे 'काहीच नाही') लिहा आणि फंक्शनच्या आत, ती नन असेल तरच, यादी = [] करा.